शेरूची भाकर

शेरूने भाकरीला नाक लावलं, एकदा गोकुळकडे पाहिलं आणि तोंड फिरवून तो सावलीत जाऊन पडला.

"पाह्य, आजही खाल्ली नाही," गोकुळ म्हणाला. "दर रविवारी हेच. बाहेरून पोट भरून येऊन राह्यला तो."

"ऊन काय कमी हाये? माणसाले भाकर जात नाही, त्याले कुठून जाईन?" संजीवनी चुलीपुढून उठत म्हणाली.

भाकर तशीच पडून राहिली. तिच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता, ठशात एक आडवी खाच. ही संजीवनीच्या माहेरची रीत. पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची. आणि कुत्र्याची चुकून कुणाच्या ताटात जाऊ नये म्हणून थापतानाच तिच्यावर अंगठा दाबायचा. लहानपणी विळा लागून तिच्या अंगठ्याला खाच पडली होती, ती भाकरीवरही उमटायची. कुणाच्या लग्नात भाकरी थापायला बसली तरी शेवटचीवर तिचा अंगठा पडायचाच. "दहावी शिकली अन् अंगठेबहाद्दर राह्यली," असं म्हणून गोकुळ तिला चिडवायचा.

आज मात्र त्याला थट्टा सुचत नव्हती.

नळगंगेच्या धरणाकाठाने तो शहरातल्या लोकांना फिरवायचा, तेही त्यांच्या कुत्र्यांसकट. रविवारी सकाळी बुलडाण्याच्या, खामगावच्या गाड्या यायच्या आणि त्यांतून गुबगुबीत कुत्री उतरायची. सगळ्यांच्या पुढे शेरू, मागे ही पाहुणी कुत्री, त्यांच्या मागे धापा टाकणारे मालक आणि शेवटी गोकुळ. कुठे गाळ आहे, कुठे मेंढरं बसली आहेत, हे शेरूला आधी कळायचं. लोक फोटो काढायचे तेही शेरूचेच. गोकुळचं नाव निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. शेरू आपला आहे, एवढ्यावर तो खूश होता.

आता तेवढंही उरलं नव्हतं. धरणाच्या वाटेला पळसापाशी नदीची वाट फुटते. तिथे आलं की शेरू नाक जमिनीला लावायचा, हुंगत हुंगत नदीच्या वाटेने नाहीसा व्हायचा आणि मंडळी परत फिरताना जिभल्या चाटत हजर व्हायचा. त्या वाटेवर घर एकच होतं. भागवतचं.

भागवत हा गोकुळच्या वर्गातला. लग्न जमलं नाही आणि भाकर थापायला जमली नाही, म्हणून वर्षानुवर्षं खिचडीवर राहिलेला गडी. हल्ली मात्र त्याच्या अंगावर मांस चढलं होतं. त्यात चहाच्या टपरीवर तो म्हणाला होता, आपणही नदीकाठाने लोकांना फिरवावं म्हणतो. ते ऐकल्यापासून गोकुळ जळत होता. बांधावरून भावकीवर जळणारा माणूस लोकांना समजतो. कुत्र्यावरून जळणाऱ्याने कुणाला सांगावं?

"भागवत मटण टाकून त्याले फितवून राह्यला," गोकुळ म्हणाला. "मी जातोच त्याच्या घरी."

संजीवनी भांडी आवरता आवरता थांबली. "कुत्र्यापायी भांडाले जाता? गाव हसन तुमाले. आपले पाहुणे सांभाळा तुम्ही. अन् पुढच्या रविवारी चहाचा थर्मास तुम्हीच भरून घ्या, मले बचत गटात जायचं हाये."

पुढच्या रविवारी गोकुळने शेरूला दोरी बांधली. ज्याने सगळ्यांना वाट दाखवायची, तोच दोरीला. पळसापाशी येताच शेरूने नाक खाली घातलं, असा हिसका दिला की दोरी गोकुळच्या हातातून सुटली, आणि तो दोरीसकट पळाला.

"भाऊ, त्याचं दुसरं घर हाये वाटते तिकडे," खामगावची प्रेरणा आपल्या कुत्र्याला आवरत म्हणाली. सगळे हसले.

गोकुळलाही हसावं लागलं. त्याने मंडळींना पळसाखाली बसवलं, थर्मास त्यांच्या हवाली केला आणि नदीची वाट धरली. चालताना रागाने त्याचे कान तापले होते. पिल्लू असताना याच शेरूला त्याने कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं होतं.

भागवतच्या कौलांतून धूर निघत होता. शेरू अंगणातल्या कडुनिंबाखाली पाठमोरा बसला होता. गोकुळने हाक मारली तेव्हा भागवत बाहेर आला, त्याने आपल्यामागे दार ओढून घेतलं आणि दारातच उभा राहिला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही, पाणीही विचारलं नाही. गोकुळला तेही झोंबलं.

"माह्या कुत्र्याले काऊन फितवून राह्यला बे?"

"मी?" भागवतने कपाळ पुसलं. "मी नाही बलावत त्याले. तो त्याच्या पायानं येते."

"खाऊ घातल्यावर येईनच!"

भागवतने शेरूकडे हात केला. मग म्हणाला, "घेऊन जाय त्याले. पुन्हा आला तं हाकलून देईन. अन् ते लोकं फिरवाचंही सोडून देतो मी. तूच फिरव. जाय आता, तुह्ये पाहुणे वाट पाहून राह्यले असतीन."

गोकुळ भांडायला आला होता आणि समोरचा भांडतच नव्हता. त्याला हायसं वाटलं, आनंदही झाला. शेरू आपला, धरण आपलं, आता नदीसुद्धा आपली. तो कडुनिंबाखाली गेला आणि दोरी उचलायला वाकला.

शेरूच्या पंजांत मटण नव्हतं, हाडूक नव्हतं. नुसती भाकर होती. घरची सोडून हा इथे भाकरच खायला येतो, हे पाहून गोकुळचा राग पुन्हा उसळला. ती भागवतच्या तोंडावर फेकावी म्हणून त्याने शेरूपुढून ओढून घेतली.

हाताला चटका बसला. भाकर नुकतीच तव्यावरून उतरली होती, आणि तिच्या मधोमध अंगठा उमटला होता, आडव्या खाचेचा.