साईराजचे बूट

"तुमी तिला विचारू नका. ती नाय म्हणंल. माझ्याशी बोला," पारूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मिलिंद सरांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

सर गोंधळले. मुलीच्या आईला कसं पटवायचं, हे ते दहिवलीच्या कॉलेजपासून कळंबपर्यंत मोटारसायकलवर घोकत आले होते. इथे आई तयार होती आणि मुलगीच दारात उभी राहून नकारार्थी मान हलवत होती. उंची अशी, की दाराची चौकट जेमतेम तिच्या डोक्यावर होती.

"आईला कोण बघणार, सर?" मनाली म्हणाली.

"मी काय कुकुलं बाळ हाय गं? आधी त्यांचं ऐकून तर घे."

मिलिंद सर कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ बघत. थंडीत कॉलेजची सहल कळंबच्या एका रिसॉर्टवर गेली होती. तिथल्या बास्केटबॉलच्या मैदानावरून मुलींचा बॉल घरंगळत खोल्यांकडे गेला, तेव्हा चादरींचं गाठोडं कमरेवर घेतलेली ही मुलगी तिथून चालली होती. गाठोडं खाली न ठेवता तिनं एका हातानं बॉल उचलून टाकला. तो बास्केटच्या कड्याला न शिवता जाळीतून खाली आला. तिच्या पायात मोठे, पुरुषी बूट होते. त्या दिवसापासून संघात सेंटरच्या जागेवर सरांना दुसरी कुणी दिसेनाशी झाली होती.

"फी माफ होईल," सर म्हणाले. "होस्टेल आहे. सकाळ-संध्याकाळ सराव. आणि दुपारी कॉलेजातच काम. लायब्ररीत पुस्तकं लावायची. त्याचा मोबदला थेट तिच्या खात्यात. घरी पाठवायचा की कसं, ते ती ठरवेल."

"पुस्तकं लावायची? चादरी लावण्यापरीस बरं. पुस्तकं धुवायची तरी नायत."

मनालीला हसू आलं, पण तिनं ते ओढणीत लपवलं.

भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, चंदनी हार घातलेला. सरांची नजर तिथं गेलेली पारूबाईंना दिसली.

"माझा साईराज. टेंपो चालवायचा. साजगावच्या कंपन्यांचा माल न्यायचा. घाटात गेला."

"तोही खेळायचा?"

"छे! त्याला बॉल धड झेलता येत नव्हता. पण हिचा खेळ सुटला, तर जिवाला लावून घेतलं त्यानं. साजगावहून लोखंडी कडं वेल्डिंग करून आणलं न् मागच्या फणसाला ठोकलं. ही टाकायची, तो बॉल आणून द्यायचा. अख्खा गाव हसायचा."

मनाली मागच्या दारानं बाहेर गेली. थोड्या वेळानं फणसाकडून बॉल आपटल्याचा आवाज येऊ लागला.

शेजारच्या जनाकाकू एव्हाना पायरीवर येऊन बसल्या होत्या. "जायचं तवा गेली नाय ती," त्या म्हणाल्या. "आता कशी जाईल?"

बारावीनंतर शिक्षण सुटलं त्याबद्दल बोलत असतील, असं सर समजले. "अजून वय गेलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त शाळेचा दाखला लागेल."

"तो तिकडं हाय, खालापूरला," पारूबाई म्हणाल्या. "शाळा तिकडचीच. आणवते."

सगळं जुळत आलं होतं. सरांनी शेवटचा मुद्दा काढला. या मुद्द्यावर त्यांच्या दोन चांगल्या खेळाडू गेल्या होत्या.

"मावशी, एक विनंती. तिचं शिक्षण होईपर्यंत लग्नाचं काढू नका."

जनाकाकूंनी पदर तोंडाला लावला. पारूबाईंनी मागच्या दारातून फणसाकडे पाहिलं.

"शिक्षण होऊ द्या. पन लग्नाचं मी काढणार, सर. दुसरं कुणी काढणार नाय. मीच काढणार."

म्हणजे शेवटी तेच, सरांच्या मनात आलं. पण मुलगी मिळत होती.

"आनी तिला न्यायला तुमी सोता यायचं. तिनं एकटीनं पिशवी उचलून जायचं नाय."

मनालीला कसं तयार केलं, ते पारूबाईंनी कधी सांगितलं नाही. जूनमध्ये ठरल्या दिवशी सर कॉलेजची गाडी घेऊन आले. सोबत नव्या बुटांचा खोका होता. मनालीनं बूट घातले. मापाचे होते. ती दोन पावलं चालली आणि खाली बघत राहिली.

पारूबाई ताटात तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आल्या.

"ओटी?" जनाकाकूंचा आवाज चढला. "हिची?"

"हिचीच. ज्याला बघवत नसंल त्यानं आपल्या घरी जावं."

जनाकाकू गेल्या नाहीत, नुसतं तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कॉलेजला जाताना ओटी भरलेली सरांनीही कधी पाहिली नव्हती. त्यांना गंमत वाटली. मनालीनं मात्र न हसता ओढणीचा पदर पसरला.

मग पारूबाईंनी तिच्या पिशवीत हात घालून ते जुने, मोठे बूट बाहेर काढले. पुढच्या टोकांत अजून चिंध्या कोंबलेल्या होत्या.

"आई, राहू दे ना."

"नाय. हे इथं ऱ्हातील. माझ्यापाशी."

"नेऊ द्या हो, मावशी," सर म्हणाले. "भावाची आठवण आहे."

पारूबाईंनी सरांकडे पाहिलं. बूट छातीशी धरून त्या मनालीकडे वळल्या आणि मोकळ्या हातानं त्यांनी तिच्या गालावरून बोटं फिरवली.

"दिवाळीला येशील ना गं? पन सासरी म्हणून नको येऊ आता. माहेरी म्हणून ये."