कोरफडीचा चीक

गोरखनं कोरफडीचा पिवळा चीक बोटावर घेतला, चाटला आणि परत एकदा चाटून बघितला. “ह्ये कडू हाय व्हय? मला तर निस्तं चिकाट लागतंय.”

ओसरीवर बसलेली त्याची आई, ठकुबाई, हसता हसता थांबली.

कोरफड निघाली होती ती तिच्याच गोष्टीमुळं. भोंगवलीत लेकीच्या, मंगलच्या घरी येऊन तिला वर्ष होत आलं होतं. पडून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि मग उठवणं-बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं मंगलनं निगुतीनं केलं. आज वेल्ह्याहून गोरख टेम्पो घेऊन तिला न्यायला आला होता. कालपासून मंगल मिनतवाऱ्या करत होती, की राहा इथंच, तिकडं चढणीवरचं घर, तुला झेपायचं नाही. ठकुबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जीव लावणारं लेकरू ते तिकडं, मग इथं कशाला राहायचं? सकाळीच गाठोडं बांधून ती तयार होती, आणि चहा पिता पिता नातीला, वैष्णवीला, आपली नेहमीची गोष्ट सांगत होती.

ती गोष्ट सगळ्या भावकीला तोंडपाठ होती. दोन्ही लेकरांचं अंगावरचं दूध तोडताना ठकुबाईनं छातीला कोरफडीचा चीक लावला होता. तशी रीतच होती. मंगलनं पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, रडली, आणि मान फिरवली ती फिरवलीच. पाठचा गोरख मात्र बधला नाही. कितीही चीक लावा, पोरगं आपलं चुटूचुटू पितंय. शाळेत जायच्या वयाचा झाला तरी पीत होता. “म्या कडू झाले तरी त्यानं मला सोडलं न्हाई,” हे ठकुबाई बारशात सांगायची, लग्नात सांगायची, मंगलच्या सासूलाही सांगून झालं होतं. लाडू वळले ते गोरखसाठी, कुशीत घेऊन निजली ती गोरखला. मंगल जवळ आली की ठकुबाईच्या मनात यायचं, ही सोडून जाणाऱ्यातली. आणि मग हात आपोआप आखडायचा.

वैष्णवी भोरच्या कॉलेजात सायन्सला होती. तिनं गोष्ट ऐकली, परसातलं पान मोडून आणलं आणि आधी मामाला चाखवलं. मग आईला. मंगलनं चीक जिभेला नुसता टेकवला आणि ती मोरीकडं पळाली. चुळा भरून भरून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. वैष्णवीनं दोघांकडं बघून सांगितलं, की काही माणसांच्या जिभेला हा कडूपणा जन्मापासूनच कळत नाही. नाकाडोळ्यासारखं तेही आईबापाकडून येतं. जगात अशी माणसं कुठल्या मुलखात जास्त, कुठल्या मुलखात कमी, पण आहेत सगळीकडं. त्यात हट्ट नाही की माया नाही.

ठकुबाईला आपला गेलेला नवरा आठवला. पोट बिघडलं की तो कोरफडीचा तुकडा सालीसकट चावून खायचा आणि बघणारे तोंडात बोट घालायचे.

“म्हंजी आई, मला काय कळतच नव्हतं बग,” गोरख हसून म्हणाला आणि गाठोडं उचलून टेम्पोकडं गेला. वाईट नव्हता तो. आईला न्यायला कामाचा खाडा करून आला होता. ही बढाई त्यानं स्वतः कधीच मारली नव्हती, सगळी ठकुबाईनंच मारली होती.

ठकुबाई भिंतीला टेकून तशीच बसली. त्या गोष्टीतला एक तुकडा तिनं आजवर कुणाला सांगितला नव्हता. न सांगता सांगता तिच्याही ध्यानातून तो गेला होता. मोरीवरून तोंड पुसत येणारी मंगल बघितली आणि तो लख्ख आठवला.

मंगल चपला घेऊन आली आणि तिच्या पायांत घालायला खाली बसली. ठकुबाईनं तिचं मनगट धरलं.

“मंगल, तू सोडलं नव्हतंस गं. रडत रडत आपल्या झग्यानं पुसलंस आन् पुन्यांदा तोंड लावलंस. म्याच परत चीक लावला. तू परत पुसलंस, म्या परत लावला. गोरख पोटात व्हता, मला उरकायचं व्हतं.”

मंगलनं तिच्या पायात दुसरी चप्पल सरकवली. “म्हाईत हाय मला. आजीनं बघितलं व्हतं, ती सांगायची.”

बाहेर टेम्पो सुरू झाला. बारशात, लग्नात, सासूच्या देखत ही गोष्ट निघायची तेव्हा मंगल तिथंच कुठंतरी वाढत, आवरत असायची. एकदाही तिनं मान वर केली नव्हती.

“मग येकदा तरी बोलायचंस, पोरी.”

मंगलनं तिच्या काखांत हात घालून तिला अलगद उभं केलं.

“तू लई खुशीत सांगायचीस, आई.”