सोमवारची साक्ष

"बरं झालं आलात, सर. रविवारचं विमान आहे आमचं," दार उघडता उघडताच धम्मदीपने सांगून टाकलं.

उल्हासरावांनी बूट बाहेरच्या रॅकपाशी काढले, आत आले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम."

"जय भीम, साहेब," धम्मदीपची आई, बेबीताई म्हणाल्या. पण जरा थांबून म्हणाल्या. इतकी वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात भेट व्हायची, तिथे साहेबांच्या तोंडून हे कधी निघालं नव्हतं. विधानसभेची निवडणूक माणसाला काय काय शिकवते!

उल्हासराव जिल्ह्याचे सरकारी वकील. तालुक्याच्या कोर्टापासून सुरुवात करून वर चढलेले, आणि हुशारीवर चढलेले, वशिल्यावर नव्हे. आता काळा कोट उतरवून आमदार व्हायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. परदेशी, टॅम्पिनीसला लेकीकडे नातीचं तोंड बघायला चाललोय, असं ते गावभर सांगून आले होते. ते खोटंही नव्हतं. पण नात मांडीवर असताना आजोबांचा जीव त्याच शहरात क्लेमेंटीतल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अडकला होता. असलं बोलणं फोनवर होत नाही.

बेबीताईंनी चहा आणला आणि त्या भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली जगदीश. धम्मदीपचा थोरला भाऊ. गावच्या चौकात भर दुपारी त्याला मारलं, तेव्हा धम्मदीप बारावीत होता आणि पानाच्या टपरीआडून सगळं बघत होता. बाकीचे साक्षीदार एकेक करून फितूर झाले. उरला हा एकटा. त्याची साक्ष सोमवारी होती, आणि न्यायाधीशांनी बजावलं होतं की ही शेवटची संधी.

"नोकरी कशी चाललीय?" उल्हासरावांनी विचारलं.

"बरी आहे. सुट्टी मिळत नव्हती. बॉसला म्हटलं, भावासाठी जायचंय. मग दिली."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. उल्हासरावांनी कप खाली ठेवला.

"सोमवारी तू येऊ नकोस."

धम्मदीपला वाटलं, तारीख पुढे गेली. "कधीची मिळाली मग?"

"तारीख तीच आहे. तू येऊ नकोस, एवढंच. आजारी पड, कामाच्या पासाची अडचण आली म्हण, काहीही म्हण. साक्षीदारच आला नाही, तर सरकारी वकिलाला कोण बोल लावणार?"

खिडकीखालून एमआरटीची गाडी धडधडत गेली. 

"तो सुटेल ना, सर?"

तो म्हणजे शैलेंद्र, जगदीशच्या खुनातला आरोपी. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा पुतण्या. आणि उल्हासरावांचं तिकीट त्याच जिल्हाध्यक्षांच्या खिशात होतं. उमेदवारांची यादी मंगळवारी लागणार होती.

"अरे, एका माणसाला शिक्षा होऊन काय बदलतं? मी आमदार झालो तर शंभर जगदीश वाचवीन. तुमच्या वस्तीत सभागृह बांधू. जगदीशच्या नावाचं." उल्हासराव हे बोलले आणि त्यांचं त्यांनाच जवळजवळ पटलं. "बेबीताई, तुम्ही सांगा याला. याचं इथे छान चाललंय. कशाला उगाच विषाची परीक्षा?"

 बेबीताईंनी पदराने खुर्चीचा हात पुसला, जो स्वच्छच होता.

उल्हासराव खुर्चीत पुढे सरकले. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो या पोराच्या मुठीत! खरं तर या पोरावर त्यांचा जीव होता. मागच्या वर्षी हा साक्षीसाठी आला, तेव्हा थरथर कापत होता. त्यांनीच त्याला व्हरांड्यात बाकावर बसवून पढवलं होतं. सरळ उभं राहायचं. हात समोर. वकील काहीही विचारो, त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलंस की तो तुला खेळवतो. प्रश्न वकिलाचा ऐकायचा, उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्यायचं. त्या दिवशी तारीख पडली आणि ते शिकवणं वाया गेलं, याचं उल्हासरावांना तेव्हा मनापासून वाईट वाटलं होतं.

आता त्यांनी शेवटचा उपाय केला. ज्या आवाजाला कोर्टात भलेभले टरकत, तो आवाज काढला.

"हे बघ धम्मदीप, मला आडवंतिडवं उत्तर नको. हो किंवा नाही. सोमवारी तू कोर्टात येणार आहेस?"

धम्मदीप उठला.  हात त्याने समोर घेऊन एकात एक गुंतवले. तो सरळ उभा राहिला. मग त्याने उल्हासरावांकडची मान वळवली आणि भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे बघितलं.

"हो," तो आईला म्हणाला. "येणार."

बेबीताईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

"साहेब, सोमवारी याला प्रश्न तुम्हीच विचाराल ना?"

उत्तर द्यायला उल्हासरावांनी मान वर केली. समोर धम्मदीप उभा होता, त्याच्या पलीकडे बेबीताई, त्यांच्या डोक्यावर जगदीश. कुणाकडे बघून उत्तर द्यावं, ते त्यांना कळेना.