काहिलीतली काडी

लेकीने उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीत थरथरणारी लोखंडी काडी सोडली. "आबा, पाक दाट झाला की हिची थरथर मंदावते. गूळ उतरवायची वेळ यंत्रच सांगतं."

"मग गुळव्याने काय माशा मारायच्या?" मी हसलो.

सवयीने ओल्या बोटांनी चिमूटभर पाक उचलून गार पाण्यात गोळी वळली. "उतरवा!" मी ओरडलो. यंत्र त्यानंतर वाजलं.

"उशीर झाला हिला," मी म्हणालो.

"शिकतेय अजून. गेला महिनाभर तुम्ही 'उतरवा' म्हणालात, की मी काडीची थरथर मोजून ठेवत होते. त्याच थरथरीवर यंत्राच्या पडद्यावर रेघ मारलीय."

साठीनंतर शिकलेली अक्षरं जुळवत मी त्या रेघेचं नाव वाचलं.

आबांचं बोट.