नावाच्या जागी आकडे

मृणालने बदल जतन केला आणि खाली उमटलेली नोंद पाहिली. ऑनलाइन ज्ञानकोशात जिथे बदल करणाऱ्याचं नाव दिसतं, तिथे आज तिचं टोपणनाव नव्हतं, नुसते आकडे होते. घाईघाईत ती लॉगिन करायलाच विसरली होती. ते आकडे म्हणजे घरच्या इंटरनेटचा पत्ता होता, आणि घरासारखं इंटरनेटही नवऱ्याच्या कंपनीनेच दिलेलं होतं.

इतकी वर्षं ती पक्ष्यांवर लिहीत आली. नवऱ्याच्या कंपनीच्या पानाला तिने कधी हात लावला नव्हता. आपल्या माणसांबद्दल आपण लिहायचं नाही, हा तिथला दंडक नवख्यांना तीच तर शिकवायची! पण आज सकाळी कोणीतरी त्या पानावरून कंपनीतल्या गॅसगळतीत मेलेल्या कामगारांचा परिच्छेदच उडवला होता. तिला राहवलं नाही. बातमीच्या संदर्भासकट तिने तो परत आणला.

जेवताना नवऱ्याचा फोन वाजला. मोठ्या साहेबांचा चढलेला आवाज तिच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. "मजकूर तुमच्या बंगल्यातून गेलाय. कोणी टाकला?"

मृणालने हातातला घास परत ताटात ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"मीच टाकला, साहेब," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

"अरे, पण तू कशाला..." मृणाल म्हणाली.

"सकाळी उडवला होता, तोही मीच," तो म्हणाला. त्याने आमटी वाढून घेतली.

फोन पुन्हा वाजू लागला. दोघंही नुसती त्याच्याकडे बघत बसली.