कारण : शिजला

स्वप्नालीला नवा हात मिळाला नाही. पण ते जाऊ द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चालू. ललितही त्या दुपारी, तिला तो मिळेलच, असं धरून चालला होता.

शहाद्यातल्या एका संस्थेच्या खोलीत तो प्रिंटरवर मुलांचे प्लास्टिकचे हात छापायचा. एका हाताला चौदा तास लागत. वीज साधारण तेराव्या तासाला जाई. त्यामुळे टेबलाखाली तीन बोटांचे, अडीच बोटांचे असे पुष्कळ हात पडून होते, आणि आता त्याला त्यांचं काही वाटत नसे.

सारंगखेड्याहून स्वप्नालीला घेऊन आलेल्या दगूबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, फडकं सोडलं आणि भाकरी दाखवावी तसा हात दाखवला. निळा, उजवा, नऊ वर्षांच्या नातीच्या मापाचा. स्वप्नालीच्या उजव्या पंजाला जन्मापासून बोटं नव्हती. हा हात चढवून मनगट वाकवलं की निळी बोटं मिटायची. आता मिटत नव्हती, उघडतही नव्हती.

"काय व्हयनं?" ललितने विचारलं.

"धुया," दगूबाई म्हणाल्या. धुतला, एवढंच.

हात घरी आला तेव्हा नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं त्याला हळद-कुंकू लावलं. मग अख्ख्या गल्लीने तो घेऊन हलवून पाहिला. इतक्या जणांचा हात लागलेला हात पोरीने कसा घालायचा, म्हणून आजीने चुलीवर पाणी ठेवलं.

"उकयतं पानी, आजी?"

"मन्हा हात त्यामा टाकता येत नव्हता भाऊ, म्हनीसन हाऊच टाकी दिधा."

ललितने कपाळ चोळलं. सूचनांच्या कागदावर 'उन्हात ठेवू नये' होतं. 'शिजवू नये' लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बोटं शिजलेल्या शेंगांसारखी लोंबली. पोर रडायला लागली, तेव्हा आजीने आपलं बोट त्या मऊ पंजात दिलं आणि म्हणाली, धर. हात तसाच थंड झाला. सांधे चिकटले, आतल्या दोऱ्या जाम झाल्या. आता तो आजीच्या बोटाखेरीज काहीच धरत नव्हता. उड्यांची दोरीसुद्धा नाही. आणि स्वप्नालीला हात हवा होता तो त्या दोरीसाठीच. शाळेच्या मैदानात दोरी उजव्या मनगटाला बांधून तिच्या एकतीस उड्या झाल्या होत्या, मग गाठ सुटली. बत्तिसावी राहिली होती.

ललितने बदली हाताचा फॉर्म काढला. त्यात कारणं तीनच होती : लहान पडला, तुटला, हरवला. चौथी ओळ 'इतर'ची, आणि इतरवाल्यांना वर्षभर नवा हात नसे.

तो हळूच म्हणाला, "आजी, खाले पाडी द्या. तुटी जाई. मी तुटला लिखी टाकस."

"तूच तोड भाऊ. लगेच तोड," म्हणत दगूबाईंनी हात पुढे केला.

स्वप्नालीने तो मधेच ओढला आणि पाठीमागे लपवला.

"अय बाई, नवा भेटी ना तुले!"

"नवा दोरी धरी," स्वप्नाली म्हणाली. "तुन्हं बोट धरी का?"

ललितने विचारलं, "आनि दोरी?"

"एक बाजू आजी धरी."

"मन्हा गुडघा देख, बाई!"

"तुले कोन कूद म्हनस? तू फक्त फिराव."

पंखा थांबला. वीज गेली. यंत्रात आणखी कुणाचा तरी हात चौथ्या बोटावर अडकला. ललितने तिकडे पाहिलंही नाही. त्याने 'इतर'समोर खूण केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात, खाडाखोड न करता लिहिलं :

'सदर हात शिजल्याने निकामी झाला असून तो अर्जदाराच्या आजीच्या बोटावर पूर्णपणे चालतो. सबब, श्रीमती दगूबाई (वय ७४) यांचे बोट हे सदर हाताचा सुटा भाग समजून अर्जदारास कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावे, व त्याची मुदत केव्हाही संपणार नाही याची कार्यालयाने दक्षता घ्यावी, ही विनंती.'