एकटी

दहावीनंतर लेकीला मेकॅनिकलचा डिप्लोमाच करायचा होता. बाबांचा हट्ट कॉम्प्युटरचा. शेवटी आई, बाबा आणि लेक तिघंही पॉलिटेक्निकमध्ये विभागप्रमुखांना भेटायला गेली. शेजारच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू होती आणि लेकीची नजर तिथून हलत नव्हती.

"मार्क उत्तम आहेत," सर म्हणाले, "पण यंदा दुसऱ्या कुठल्याच मुलीचा अर्ज नाही. वर्गात ही एकटीच असेल."

"ऐकलंस?" बाबांना जोर चढला. "एवढ्या पोरांत एकटी मुलगी! विषय संपला."

लेकीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आईने तोंड उघडलं.

"सर, दहावी होऊन बरीच वर्षं झाली असतील तर चालतं का? वयाची काही अट?"

"अट नाही. पण कोणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी. मलाही हेच शिकायचं होतं. एकटी पडशील म्हणून तेव्हा मलाही घरी बसवलं. आता आम्ही दोघी आहोत."

बाबा गडबडले. "अगं, काहीतरीच काय! मग घरचं सगळं मी एकट्यानं करायचं?"

"होईल सवय, बाबा," लेक म्हणाली आणि आईचा हात धरून प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.